पेठ सर्वांची, भार सर्वांचा
(व्यापारी एकजुटीतून झालेल्या रस्त्यांच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास)

व्यापाराचा इतिहास लिहिताना बहुधा पेढ्यांचा, घराण्यांचा आणि भांडवलाचा विचार होतो. ज्या रस्त्यावर त्या पेढ्या उभ्या असतात, त्या रस्त्याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः गिऱ्हाईक प्रथम पेठेत येते आणि मग दुकानात शिरते. लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेले कुटुंब अमुक एका दुकानाचे नाव घेऊन घराबाहेर पडत नाही, ते पेठेचे नाव घेते. चार दुकाने पाहावीत, भाव ताडून पाहावेत, पोत हाताने चाचपून पाहावा आणि मग पसंती द्यावी, ही आपल्या खरेदीची रीत आहे. त्यामुळे प्रत्येक दुकानाच्या विक्रीत शेजारच्या दुकानाचा, समोरच्या पदपथाचा, कोपऱ्यावरच्या दिव्याचाही वाटा असतो. हा वाटा कोणत्याही खातेवहीत लिहिला जात नाही. तो कोणाच्याच नावे जमा नसल्यामुळे त्याची जबाबदारीही कोणाच्या नावे पडत नाही.

पेठांची भरभराट व त्यांचा ऱ्हास यांचे मर्म येथेच आहे. दुकान ज्याचे त्याचे असते. रस्ता सर्वांचा असतो. जे सर्वांचे असते त्याचा लाभ सर्वजण घेतात. त्याचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. हा प्रश्न वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या ठिकाणी व्यापाऱ्यांनी कसा सोडविला, याचा मागोवा घेणे आजच्या परिस्थितीत अगत्याचे ठरते.

महाजनांची व्यवस्था

पश्चिम भारतातील व्यापारी परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. ते म्हणजे महाजन ही संस्था. एका धंद्यातील किंवा एका पेठेतील व्यापाऱ्यांनी एकत्र यावे, तोलमाप, सुट्टीचे दिवस, तंट्यांचा निवाडा यांविषयी नियम करावेत आणि ते सर्वांनी पाळावेत, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. तिचे सामर्थ्य किती मोठे होते याची साक्ष अहमदाबादच्या इतिहासात मिळते. १७२५ साली मोगल सरदारांच्या आपसांतील कलहात मराठा फौजा त्या शहरावर चालून आल्या आणि लुटीचा प्रसंग ओढवला. त्या वेळी शांतिदास झवेरी यांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य देऊन शहर वाचविले. येथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. त्यापुढची हकिकत व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे.

शहर सर्वांचे वाचले होते, द्रव्य मात्र एकाचे खर्च झाले होते. तेथील महाजनांनी केवळ आभाराचे शब्द बोलून ही बाब संपविली नाही. त्यांनी एक लेख करून दिला आणि शहरात छाप पडणाऱ्या मालाच्या किमतीवर शेकडा चार आणे नगरशेठ व त्यांच्या वंशजांना मिळावेत असे ठरविले. या लेखावर हिंदू, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांची संमती होती. रुपयाचे सोळा आणे या हिशेबाने शंभर रुपयांच्या मालावर पाव रुपया! कोणालाही जड वाटू नये इतका हा आकार अल्प होता आणि कोणालाही चुकविता येऊ नये इतका व्यापक होता.

याच पद्धतीचे दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत दंगल झाली. त्यानंतर १८३४ साली शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच आपल्या समाजाला वंदनीय असलेले मोतीशाह शेठ, आणि सर जमशेटजी जीजीभाई या दोघांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. जैन शेठ आणि पारशी शेठ यांनी मिळून उभारलेली ही संस्था आजही भुलेश्वरच्या गजबजलेल्या बाजारपेठेत उभी आहे. तिच्या निर्वाहासाठी केवळ देणग्यांवर विसंबून राहिले गेले नाही. कापूस, साखर, अफू आदी मालाच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी आपण होऊन एक लहानसा लागा बसवून घेतला. जुन्या अडतीच्या बिलांवर 'धर्मादाय' म्हणून जी एक ओळ असे, तिचे मूळ अशाच परंपरेत आहे.

या दोन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, आकारणी मालावर होती, माणसाच्या मनावर नव्हती. त्यामुळे दरवर्षी दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरावे लागत नसे. दुसरी, ज्याची उलाढाल मोठी त्याचा वाटा मोठा, हे प्रमाण आपोआप राखले जाई. तिसरी, हा नियम व्यापाऱ्यांनी स्वतःच स्वतःवर लादून घेतला होता. जो महाजनांचा नियम मोडी त्याच्याशी इतर व्यापारी व्यवहार बंद करीत. हा बहिष्काराचा धाक म्हणजेच त्या व्यवस्थेचा कणा होता.

परंतु शहरे वाढली. एका रस्त्यावर अनेक समाजांचे, अनेक धंद्यांचे, अनेक भाषांचे लोक येऊन बसले. पेढीच्या शेजारी बँक आली, बँकेच्या शेजारी उपाहारगृह आले, वरच्या मजल्यावर वकिलांच्या कचेऱ्या आल्या. अशा रस्त्यावर कोणाही एका महाजनाचा शब्द चालणे शक्य नव्हते. तेथे एकजूट कशी साधावयाची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न मुंबईच्याच एका रस्त्यावर झाला. तो रस्ता म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग.

कमानींचा रस्ता

क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला डावी घालून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा हा मार्ग पूर्वी हॉर्नबी रोड या नावाने ओळखला जाई. अठराव्या शतकातील मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे ते नाव. त्या काळी हा भाग किल्ल्याच्या तटबंदीला लागून होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत ही तटबंदी पाडण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैशाचा पूर वाहत होता आणि कोटाच्या आत कोंडलेले शहर बाहेर पसरू पाहत होते. तट गेला आणि त्याच्या जागी प्रशस्त रस्त्यांना व नव्या इमारतींना वाव मिळाला.

पुढील चार दशकांत या रस्त्यावर एकाहून एक देखण्या वास्तू उभ्या राहिल्या. उत्तर टोकाला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने रचलेले भव्य रेल्वे स्थानक आणि १८९३ साली पूर्ण झालेली महापालिकेची इमारत. पुढे जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचे ग्रंथालय, वाच्छा अग्यारी, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, विमा कंपन्या, चष्म्यांची, छायाचित्रणाची, कापडाची दुकाने. कोणी गॉथिक शैलीत बांधले, कोणी नवअभिजात शैलीत, कोणी भारतीय व इस्लामी घुमटांची जोड दिली. मालक वेगळे, शैली वेगळ्या, धंदे वेगळे. तरीही पाहणाऱ्याला हा रस्ता एकसंध वाटतो. याचे कारण एका नियमात आहे.

१८९६ साली असा नियम करण्यात आला की, या रस्त्यावरील प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा सोडावा. या नियमाचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, प्रत्येक मालकाने आपल्या सर्वांत मोलाच्या, म्हणजे रस्त्यालगतच्या जागेचा एक पट्टा सार्वजनिक उपयोगासाठी मोकळा ठेवावा. वरकरणी हा तोटाच होता. परंतु मुंबईत चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कडक ऊन. या व्हरांड्यांमुळे गिऱ्हाइकाला रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावलीतून, कोरड्या पायांनी, दुकानांच्या काचा न्याहाळीत जाता येऊ लागले. एकाच मालकाने असा व्हरांडा सोडला असता तर त्याचे नुकसान झाले असते. सर्वांनी सोडला, म्हणून सर्वांचा फायदा झाला. एकट्याने केलेला त्याग आणि सर्वांनी मिळून पाळलेला नियम यांतील अंतर या कमानींइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

या रस्त्याला पुढे दादाभाई नौरोजींचे नाव मिळाले, हेही औचित्यपूर्ण आहे. राष्ट्राचे पितामह म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु १८५९ साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःच्या नावाने कापूस व्यापाराची पेढी काढली होती, हे फारसे लक्षात राहत नाही. ज्या रस्त्यावर व्हाइटअवे लेडलॉ या कंपनीचे विलायती मालाचे आलिशान दुकान होते, त्याच इमारतीत कालांतराने खादी भांडार आले. कापडाच्या इतिहासातील एक संपूर्ण अध्याय या एका इमारतीच्या पाटीवर लिहिला गेला.

ऱ्हासाची कारणे

स्वातंत्र्योत्तर काळात मात्र या रस्त्याची रया जाऊ लागली. त्याची कारणे दादाभाई नौरोजी मार्गापुरती मर्यादित नाहीत. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेस ती कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, परंतु मालकास दुरुस्तीचा उत्साह उरला नाही. इमारत मालकाची, गाळा भाडेकरूचा, पदपथ महापालिकेचा, अशा वाटणीत दगडी नक्षीकाम, गळके पन्हळ आणि तुटके कठडे यांचा वाली कोणीच उरला नाही. वाहने वाढली. व्हरांड्यांत फेरीवाल्यांच्या मांडण्या लागल्या आणि ज्या सावलीतून गिऱ्हाईक चालत असे, तेथून वाट काढणे कठीण झाले.

या सर्वांत भर पडली ती पाट्यांच्या स्पर्धेची. एका दुकानदाराने आपली पाटी वीतभर मोठी केली की शेजारचा हातभर मोठी करी. प्लास्टिकच्या चकाकत्या पाट्यांनी, विजेच्या पेट्यांनी, लोंबत्या तारांनी आणि वातानुकूलन यंत्रांनी कमानी झाकून गेल्या. या स्पर्धेत एक मोठा विरोधाभास होता. पाटीवरील खर्च प्रत्येकाचा वाढत गेला, पण सर्वच पाट्या मोठ्या झाल्यामुळे कोणाचीच पाटी दिसेनाशी झाली! कोणीही एकट्याने पाटी लहान करावयाची म्हटले तर तो स्पर्धेत मागे पडणार. म्हणून चूक सर्वांना कळूनही कोणी मागे सरेना.

याच सुमारास गिऱ्हाइकाच्या सवयीही पालटू लागल्या. १९९९ साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला आणि वातानुकूलित छताखाली खरेदी करण्याचा नवा परिपाठ मुंबईत सुरू झाला. वांद्रे-कुर्ला संकुलाकडे कचेऱ्यांचा ओघ लागला. फोर्ट भागातील गर्दीला पर्याय निर्माण झाले. जुन्या पेठेने आता बदलावयाचे की झिजत जावयाचे, असा हा काळ होता.

पाटी उतरली, कमान दिसली

१९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली लागू झाली. तिच्यामुळे या रस्त्यास संरक्षण मिळाले. परंतु नियम कागदावर असणे आणि रस्त्यावर उतरणे यांत मोठे अंतर असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आश्रयाने वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा तपशीलवार अभ्यास केला. इमारतींच्या दर्शनी भागांची नोंद झाली. पाटी कोठे असावी, तिचा आकार केवढा असावा, रस्त्यावरील दिवे, बाके, फलक कसे असावेत, याची मार्गदर्शिका तयार झाली. पाटीविषयीचे सूत्र अगदी साधे होते: पाटी कमानीच्या आत बसावी, खांब, कमान आणि दगडी नक्षी मोकळी राहावी.

खरे काम यानंतरचे होते. दुकानदारांची मने वळविणे! ज्याने अलीकडेच मोठा खर्च करून पाटी लावली आहे त्याला ती उतरविण्यास सांगणे सोपे नव्हते. महापालिकेच्या हाती नियमाचे बळ होते, पण केवळ नोटिसा पाठवून हे काम तडीस गेले नसते. व्यापाऱ्याचा मुख्य प्रश्न एकच असतो, 'मी उतरवीन, पण शेजारचा उतरवील काय?' या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळाल्याखेरीज कोणीही पहिले पाऊल टाकीत नाही. सर्वांसाठी एकच माप, एकच नियम, लहान दुकानास आणि मोठ्या कंपनीस सारखाच, हे स्पष्ट झाल्यावर पाट्या उतरू लागल्या. दुकानदारांनी हा बदल स्वखर्चाने केला, ही यातील विशेष उल्लेखनीय गोष्ट होय. अनेक दशके झाकलेल्या कमानी पुन्हा दिसू लागल्या.

या प्रयत्नांतूनच रस्त्यावरील दुकानदार, रहिवासी व कचेऱ्या यांची हेरिटेज माईल असोसिएशन ही संघटना आकारास आली. रस्त्याची लांबी साधारण एक मैल, त्यावरून हे नाव. पदपथ, दिवे व बाके यांच्या सुधारणेचे काम तिने हाती घेतले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाची दखल घेतली गेली. शेजारच्या काळा घोडा परिसरातही १९९८ साली अशीच एक संघटना स्थापन झाली. १९९९ पासून तेथे भरणाऱ्या कलामहोत्सवाने त्या परिसरास नवे चैतन्य दिले.

दादाभाई नौरोजी मार्गाचे सर्व प्रश्न सुटले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाटी एकदाच बदलावी लागते. झाडलोट मात्र रोजची असते. दिवा एकदा लावता येतो. तो विझला की बदलणारा हात दरमहा लागतो. उत्साहाच्या भरात काम उभे राहते, पण ते वर्षानुवर्षे टिकविण्यासाठी नियमित उत्पन्नाची सोय असावी लागते. स्वेच्छेच्या वर्गणीवर ती सोय होत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शंभर दुकानांपैकी चाळीस वर्गणी देतात, साठ देत नाहीत; दिव्याचा उजेड मात्र शंभरही दुकानांवर सारखाच पडतो. दुसऱ्या वर्षी त्या चाळिसांपैकी दहा विचारतात, 'आम्हीच का द्यावे?' आणि तिसऱ्या वर्षी संघाचे दप्तर गुंडाळले जाते.

नेमक्या याच अडचणीवर एक उत्तर सातासमुद्रापार, कॅनडातील टोरांटो शहरात, लहान दुकानदारांनीच शोधून काढले होते.

टोरांटोचे दुकानदार

टोरांटोच्या पश्चिम भागात ब्लूर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस लहान लहान दुकाने होती आणि मधून ट्राम धावत असे. ट्रामच्या खिडकीतून दुकाने दिसत, लोक उतरत, खरेदी करीत. १९६६ साली या रस्त्याखालून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि १९६८ साली ती आणखी पश्चिमेकडे नेण्यात आली. प्रवासी जमिनीखालून जाऊ लागले. त्याआधीच, १९६४ साली, यॉर्कडेल हे विस्तीर्ण खरेदी केंद्र उघडले होते. तेथे मोटार उभी करण्यास भरपूर जागा होती आणि कॅनडाच्या कडाक्याच्या थंडीत छताखाली फिरता येत होते. वरचा रस्ता ओस पडू लागला.

तेथील दुकानदारांचा एक स्वेच्छासंघ होता. त्यास तीच अडचण आली जी आपल्याकडील प्रत्येक व्यापारी संघास येते. वर्गणी मोजके लोक देत, लाभ सर्वांना होई. तेव्हा या दुकानदारांनी एक धाडसी मागणी केली. 'आमच्यावर कर बसवा,' असे त्यांनी सरकारला सांगितले! अट इतकीच की, हा कर आमच्याच रस्त्यावरील सर्व व्यापारी मालमत्तांवर बसावा, तो महापालिकेने आपल्या करासोबत वसूल करावा आणि संपूर्ण रक्कम आमच्याच मंडळाकडे द्यावी. ऑन्टारिओ प्रांताने त्याप्रमाणे कायदा केला आणि १९७० साली ब्लूर-जेन-रनीमीड या नावाने असे पहिले क्षेत्र अस्तित्वात आले. आज ते ब्लूर वेस्ट व्हिलेज या नावाने ओळखले जाते. व्यापार सुधार क्षेत्र या कल्पनेचा जगातील तो पहिला प्रयोग मानला जातो.

पहिल्या वर्षीचे अंदाजपत्रक होते ४७,५०० डॉलरचे. त्यातून रस्त्याकडेच्या झाडांवर दिवे लावले, फुलांच्या कुंड्या ठेवल्या, बसण्यास बाके केली. कामे लहानच होती, परंतु ती संपूर्ण रस्त्यावर एकाच वेळी झाली आणि दरवर्षी होत राहिली. बड्या खरेदी केंद्राचे खरे बळ त्याच्या छतात नसते. एकच व्यवस्थापन सर्व दुकानांच्या वतीने स्वच्छता, दिवे व जाहिरात पाहते, यात ते असते. ब्लूर स्ट्रीटच्या दुकानदारांनी आपली स्वतंत्र मालकी न सोडता हे बळ मिळविले. आज एकट्या टोरांटोत अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत.

या व्यवस्थेचे कूळ आपल्या महाजनांच्या लाग्याशी किती जवळचे आहे! प्रमाणशीर आकारणी, सर्वांवर सारखा नियम आणि नियम करणारे व्यापारीच. भेद इतकाच की, जेथे पूर्वी जातपंचांचा व महाजनांचा धाक होता, तेथे आता कायद्याचे बंधन आले. बंधन आले तसे संरक्षणही आले. ठरावीक प्रमाणात व्यापाऱ्यांनी हरकत घेतली तर ऑन्टारिओत असे क्षेत्र स्थापन होऊ शकत नाही. ब्रिटनने २००३ साली कायदा करून २००५ पासून ही पद्धत स्वीकारली, तेव्हा त्यात दुहेरी बहुमताची अट घातली: मतदान करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संख्येचेही बहुमत हवे आणि त्यांच्या मालमत्तांच्या करमूल्याचेही. म्हणजे मोठ्यांनी लहानांना दडपू नये आणि लहानांनी मोठ्यांवर भार ढकलू नये. शिवाय तेथे जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. हिशेब दाखवावा, काम दाखवावे आणि मगच पुढील पाच वर्षांची मुदत मागावी, असा हा रिवाज आहे.

या व्यवस्थेस दोषही आहेत व ते झाकून ठेवणे योग्य नाही. रस्ता सुधारला की भाडी वाढतात आणि ज्या लहान दुकानदाराने सुधारणेसाठी झीज सोसली, त्यालाच प्रसंगी गाळा सोडावा लागतो. कर मालकावर बसला तरी तो भाड्यातून भाडेकरूच्या माथी येतो. आणि स्वच्छ रस्त्याच्या आग्रहापायी गरीब विक्रेत्यास हुसकावण्याची वृत्तीही बळावते. आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांच्या उपजीविकेस मान्यता दिली असून नगर पथविक्रेता समितीत त्यांना स्थान दिले आहे. पेठेच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना व्हरांड्यातील वाट मोकळी व्हावी आणि त्या विक्रेत्याच्या घरची चूलही पेटती राहावी, हे दोन्ही साधावे लागेल. ज्या व्यापारी परंपरेने मुक्या जिवांसाठी आपल्या मालावर लागा बसवून घेतला, तिला हे अवघड वाटू नये.

आजच्या पेठांपुढील प्रश्न

आज जुन्या पेठांपुढील आव्हान पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. गिऱ्हाइकास आता मॉलमध्येही जाण्याची गरज उरलेली नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर साडी निवडता येते व ती घरपोच मिळते. अशा काळात पेठेने गिऱ्हाइकास का बोलवावे आणि गिऱ्हाइकाने पेठेत का यावे? पेठेत कापडाचा पोत हाताला कळतो, ओळखीचा माणूस भेटतो, बरोबरच्या वडीलधाऱ्यांना बसावयास जागा मिळते आणि खरेदी हा एक कौटुंबिक सोहळा होतो, म्हणून. हे सारे टिकवावयाचे तर बसावयास जागा, चालावयास वाट, स्वच्छ प्रसाधनगृह, वाहन उभे करण्याची सोय आणि संध्याकाळी पुरेसा उजेड हवा. यांपैकी एकही गोष्ट एकटा दुकानदार आपल्या गल्ल्यातून उभी करू शकत नाही. सर्वांनी मिळून केल्यास यांपैकी बहुतेक गोष्टी आवाक्यात येतात.

बहुतेक व्यापारी संघ संकटकाळी एकत्र येतात. नवा कर आला, रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली, की सभा भरतात, निवेदने दिली जातात, दुकाने बंद ठेवली जातात. संकट टळले की संघ पुन्हा निद्रिस्त होतो. वर पाहिलेल्या उदाहरणांचा बोध याच्या नेमका उलट आहे. अहमदाबादच्या महाजनांनी संकट टळल्यानंतर लेख करून दिला. मुंबईच्या शेठांनी दंगल शमल्यानंतर कायमस्वरूपी संस्था उभारली. टोरांटोच्या दुकानदारांनी वर्गणी मागणे थांबवून आकारणी मागितली. दादाभाई नौरोजी मार्गावर शेजाऱ्याची वाट न पाहता सर्वांनी एकच माप स्वीकारले, तेव्हा झाकलेली कमान दिसली. प्रसंगापुरत्या उत्साहाचे रूपांतर नियमात व्हावे, नियमाचे सवयीत व्हावे आणि सवयीचे परंपरेत व्हावे, तेव्हाच पेठ टिकते.

धर्मादाय संस्थांनाही हाच न्याय लागू पडतो. एखादी विश्वस्त संस्था पन्नास वर्षे अखंड चालते ती कोणा एका दात्याच्या मोठ्या देणगीवर नव्हे. शेकडो कुटुंबांनी नेमाने उचललेला लहान लहान वाटा, चोख हिशेब आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपविलेली जबाबदारी यांवर चालते. या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाने त्याचा प्रत्यय आणून दिला आहे. तिच्या आधारस्तंभांपैकी अनेकजण ज्या पेठेत सकाळी दुकानाचे दार उघडतात, त्या पेठेकडेही त्यांनी याच विश्वस्त भावनेने पाहावे. संस्था सांभाळण्याचे जे कसब समाजाने अर्धशतकात कमाविले आहे, ते पेठेच्या कामीही यावे आणि पुढील पिढीस दुकानाच्या किल्लीसोबत एक नांदती पेठही वारशाने मिळावी, हीच या मंगलप्रसंगी सदिच्छा.